घाटात गाडी कलते म्हणून स्प्रिंगा बदलताय? आधी शॉकअप उतरवून बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१२ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, सव्वा लाख किलोमीटर झालेली. दर आठवड्याला बीड–लातूर जाणं-येणं. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर गाडी कलते आणि केजच्या पुढं ऐंशीच्या वर झुलायला लागते. एक मिस्त्री म्हणतो स्प्रिंगचं दीड वेटोळं कापू, दुसऱ्यानं गाडी ३५ मिमी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगांचा सेट सांगितलाय. माझं मत विचाराल तर दोन्ही करू नका.

कारण सांगतो. मी माझ्या अशाच गाडीला लोअरिंग स्प्रिंगा टाकल्या होत्या, जुने शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) तसेच ठेवून. गुळगुळीत रस्त्यावर चार दिवस फार बरं वाटलं. मग घरच्यांना घेऊन कन्नडचा घाट उतरत होतो. भर वळणात खड्ड्यांची रांग लागली आणि मागची बाजू हातभर बाहेर सरकली. समोरून कोणी नव्हतं म्हणून निभावलं. नंतर गाडी वर घेतली तेव्हा मागचे दोन्ही बंपस्टॉप, म्हणजे चाक फार वर आलं की अडवणारे रबरी ठोकळे, चेपून फाटलेले दिसले. चाकाला वर जायला जागाच उरली नव्हती. सस्पेन्शन बंपस्टॉपवर टेकलं की स्प्रिंग असून नसल्यासारखी होते, चाक रस्त्यावरून उचललं जातं, आणि उचललेल्या चाकाला पकड कुठून असणार? त्या दिवसापासून स्प्रिंग म्हटलं की मी आधी शॉकअपचं विचारतो.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का साठवते. साठवलेला धक्का जिरवायचं काम शॉकअपचं. तुमची गाडी सरळ रस्त्यावर झुलते, हे लक्षण जवळजवळ नक्की थकलेल्या शॉकअपचं आहे. आपल्या भागात हे जास्त जाणवतं, कारण खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या डांबराला लांब लांब लाटा पडतात. खड्डा डोळ्यांना दिसतो, लाट दिसत नाही. शॉकअप कमजोर असेल तर एका लाटेवरून उसळलेली गाडी सावरायच्या आत दुसरी लाट येते. तिथं कडक स्प्रिंग टाकली तर ती आणखी जोरात परत फेकणार आणि तिला आवरणारं कोणीच नसणार.

हिशेबच बघा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. ११ मिमीची तार १२ मिमी केली आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग सुमारे ४२ टक्के कडक होते. नुसत्या डोळ्यांना तो एक मिलिमीटर कळणारही नाही. एवढ्या कडक स्प्रिंगला पहिल्यासारखंच आवरायचं तर शॉकअपचा जोर साधारण एकोणीस टक्क्यांनी वाढायला हवा. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी म्हणूनच घ्यायची.

कापायचं म्हणाल तर सहा चालती, म्हणजे खरोखर दबणारी वेटोळी असलेल्या स्प्रिंगचं एक कापलं की ती २० टक्के कडक होते, हे खरं. पण गाडी खाली येते आणि चाकाची वर जाण्याची जागा त्याहून जास्त घटते. कापलेलं टोक खालच्या बैठकीत नीट बसत नाही. गॅसकटरनं कापलं तर तिथल्या पोलादाचं टेंपरिंग, म्हणजे त्याला दिलेलं पाणी, जातं, आणि काही महिन्यांनी नेमकी तिथूनच स्प्रिंग तुटते. जालन्याची सळई कापून वाकवता येते म्हणून स्प्रिंगही तशीच कापावी असं नाही, दोन्हींच्या पोलादाची जात वेगळी.

लोअरिंगची आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. स्विफ्टला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवती स्प्रिंग असा एकच उभा खांब. गाडी खाली बसवली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, चाकाकडचं टोक वर चढतं. त्यामुळं गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातो, दोघांतलं अंतर वाढतं आणि कलण्याचा जोर उलट वाढतो. कडक स्प्रिंग तो जोर झाकते, इतकंच. शिवाय गावात शिरताना जे गतिरोधक असतात ते बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात १० सेंटीमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदीचा पसरट उंचवटा आहे. आपल्याकडं एका रात्रीत गावकऱ्यांनी टाकलेला उभा बांध असतो. तुमच्या गाडीच्या पोटाखालची मूळची १७० मिमी उंची त्यावरच कशीबशी निघते.

मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात टायरपासून केली असती. व्हीएक्सआयला १६५/८० आर१४ येतो: रुंदी १६५ मिमी, भिंत तिच्या ८० टक्के, रिम १४ इंची. म्हणजे टायरची बाजूची भिंत १३२ मिमी उंच. वळणावर आधी तीच लवचते आणि आपल्याला वाटतं गाडी कलली. त्याच पिढीच्या झेडएक्सआय या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ होता: भिंत १२० मिमी, रुंदी २० मिमी जास्त, आणि बाहेरचा व्यास जेमतेम २ मिमीनं वेगळा, त्यामुळं स्पीडोमीटरही बिघडत नाही. टायर घासत आले असतील तर आधी हा बदल १५ इंची रिमांसकट करा, घाटात लगेच फरक कळेल. टायर अजून चांगले असतील तर निदान दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा भरा. अंदाजानं भरलेली हवा मी रोज बघतो.

मग स्ट्रट उतरवा आणि स्वतः तिथं उभे राहा. नळीवर तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की तो शॉकअप संपला. दांडा हातानं दाबून सोडा. चांगला असेल तर जड, एकसारखा सरकतो. मध्येच हलका पडला किंवा अंगठ्याच्या जोरावर खाली गेला तर बदला. धूळ अडवणारं रबर फाटलं असेल तर दांड्यावर बारीक उभे ओरखडे दिसतील. वरच्या माउंटिंगचं बेअरिंग कानाजवळ धरून फिरवा, खरखर लगेच ऐकू येते. लिंक रॉड (कलणं आवरणाऱ्या दांड्याची जोडपट्टी) आणि लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, पहारीनं हलवून बघा. माझ्या गाडीचा घाटातला अर्धा अधिक डगमगता स्वभाव पुढच्या दोन फाटलेल्या बुशांमुळं होता.

एक सूचना कळकळीनं. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं साधन) नसलेल्या ठिकाणी स्ट्रट उघडू देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा मोडतो. दोरीनं बांधून नट काढणारे मी पाहिलेत.

शॉकअप, माउंटिंग, बुश हे चारही बाजूंनी मूळ दर्जाचं बसवलं की दोन हजार किलोमीटर तशीच चालवा. बहुतेक लोकांचं समाधान इथंच होतं. तरीही कडक हवी वाटली तर थोड्याच, २० टक्क्यांच्या आसपास कडक आणि मूळ उंचीच्या स्प्रिंगा घ्या, आणि त्यांच्याच जोडीचे शॉकअप. पुढं-मागं दोन्हीकडं एकाच प्रमाणात. फक्त पुढं कडक केलं तर गाडी वळणात सरळ निघायला बघते. पेट्रोल गाडीला डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा टाकायचा जुगाड म्हणूनच मला पटत नाही, नाक वर उठतं ते वेगळंच. वेटोळ्यांत अडकवायचं रबरी बफरही नको. ते दोन वेटोळी अडवून धरतं आणि सगळं दबणं उरलेल्यांवर येतं.

बसवताना लोअर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर बुशमधलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. हे करायला मिस्त्री कंटाळतात, तुम्ही आग्रह धरा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरच्या कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार चालत नाही, तेव्हा काहीही वेगळं बसवायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या.

आता एक काम करा. सकाळी, सामान काढून, सपाट फरशीवर गाडी उभी करा. चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत उंची टेपनं मोजा आणि आकडे इथं टाका. सोबत स्प्रिंगांवरच्या रंगाच्या ठिपक्यांचा फोटोही द्या. डावी-उजवी उंची सारखी निघाली तर तुमच्या स्प्रिंगांना हात लावायचं बहुधा कारणच नाही. एखादी बाजू बसलेली निघाली तर ती जोडी बदलावी लागेल, आणि कोणती घ्यायची ते आकडे बघून सांगतो.