फ्रान्समध्ये जन्मणाऱ्या मराठी मुलासाठी कोणते फ्रेंच नाव निवडावे?

आपण लिहिले आहे की आपण दोघे मराठी असून नांतमध्ये स्थायिक झाला आहात, लवकरच मुलगा होणार आहे आणि त्याचे नाव फ्रेंच असावे अशी आपली इच्छा आहे. मिशेल, गाब्रिएल आणि लुई यांपैकी कोणते निवडावे, भारतात त्या नावाची अडचण होईल का, आणि घरच्यांनी पत्रिकेतले अक्षर मागितले तर काय करावे, असे आपले प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर एका ओळीत देते: मिशेल मुळीच नको, गाब्रिएल चालेल, लुई उत्तम. बाकीच्यांसाठी मात्र मला विस्ताराने लिहावे लागेल, कारण माझ्या मुलाचे नाव एमिल आहे आणि त्या नावावरून माझ्या सासरी जे काही बोलले गेले, त्याला पुरते उत्तर देण्याची संधी मला अद्याप मिळालेली नाही.

मिशेल हे नाव बहुधा आपल्याला फ्रेंच शिकताना पाठ्यपुस्तकात भेटले असावे. परदेशी आईवडील नेमके तिथेच फसतात. मिशेल, फिलिप, बेर्नार, जेरार, पात्रिक ही नावे दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे आणि त्यानंतरच्या दोन दशकांत घरोघरी ठेवली गेली, त्यामुळे आज ती आजोबांची नावे आहेत. आज पाळण्यातल्या मुलाला मिशेल म्हणणे हे कोथरूडमध्ये तान्ह्या मुलाला मधुकर म्हणण्यासारखे आहे. नावात वाईट काही नाही, पण शाळेत हाक मारली की सगळे वळून पाहतील. त्याच्याही मागच्या पिढीची, म्हणजे पणजोबांची नावे मात्र परत आली आहेत: ज्यूल, लुई, लेओं, मार्सेल, एमिल. येथील राष्ट्रीय सांख्यिकी संस्था, म्हणजे इन्से, १९०० सालापासूनची नावनिहाय आकडेवारी सर्वांना पाहू देते. मनात असलेले प्रत्येक नाव तिथे घालून त्याचा आलेख पाहावा. आलेखाचे शिखर १९५० च्या आसपास असेल, तर ते नाव सोडून द्यावे. गाब्रिएल गेली काही वर्षे मुलांच्या यादीत अगदी वर आहे. आपल्या मुलाच्या वर्गात आणखी एखादा गाब्रिएल असणार, एवढी तयारी ठेवून ते नाव निवडावे.

पिढीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे नावाला चिकटलेला सामाजिक थर, आणि तो आपल्या कानांना ऐकू येत नाही. केव्हिन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९९१ साली एकट्या फ्रान्समध्ये १३ हजारांहून अधिक मुलांचे नाव केव्हिन ठेवले गेले, आणि पुढे याच नावाची इतकी टिंगल झाली की २०२२ साली फ्रेंच संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे राष्ट्रीय सभेत, केव्हिन नावाचे दोन सदस्य निवडून आले तेव्हा त्या गोष्टीची बातमी झाली. दुसऱ्या टोकाला इपोलित, ओग्युस्तँ, कोम अशी खानदानी घरांतली नावे आहेत, जी आपल्यासारख्या स्थलांतरितांच्या मुलाला उसन्या अंगरख्यासारखी ढगळ होतात. म्हणून मधला रस्ता धरावा आणि नाव ठरवण्यापूर्वी कार्यालयातल्या एखाद्या स्पष्टवक्त्या सहकाऱ्यासमोर ते उच्चारून त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. तोंडाने तो काहीच सांगणार नाही, कारण फ्रेंच माणूस नावाबद्दल कधीही खरे बोलत नाही.

एके काळी हा निवडीचा प्रश्नच नव्हता. १ एप्रिल १८०३ च्या कायद्याने कॅलेंडरांतली आणि प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींची नावे तेवढी मान्य केली होती. आपल्या शेजारच्याच ब्रिटनी प्रांतातल्या एका कुटुंबाची गोष्ट प्रसिद्ध आहे: आईवडिलांनी मुलांना ब्रेटन नावे दिली म्हणून त्या मुलांची जन्मनोंद कित्येक वर्षे झालीच नाही. १९६६ मध्ये हा नियम सैल झाला आणि ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने आईवडिलांना मोकळीक मिळाली. आता नोंदणी अधिकारी नाव नाकारू शकत नाही. मुलाच्या हिताला बाधक वाटले तर तो सरकारी वकिलाला कळवतो आणि निर्णय न्यायाधीश देतो. वालाँसिएनच्या न्यायालयाने एका मुलीचे न्युतेला हे नाव रद्द करून एला केले, ते याच तरतुदीने. त्यामुळे उद्या आपण मुलाचे नाव पुंडलिक ठेवले तरी कोणी अडवणार नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

कायद्याची खरी कात्री वेगळ्याच ठिकाणी आहे. जन्माची नोंद, आणि तिच्याबरोबर नावाची नोंद, जन्मस्थानाच्या नगरपालिकेत पाच दिवसांत करावी लागते. जन्माचा दिवस त्यात धरत नाहीत, शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस मिळतो, पण मुदत टळली की प्रकरण न्यायालयात जाते. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. म्हणजे आत्याबाई पाळण्याशी वाकून कानात कुर्र्र करण्याच्या पुष्कळ आधी नाव सरकारदरबारी पक्के झालेले असते. आमच्या घरच्या रामायणाची सुरुवात इथून झाली.

मुलगा तुलूजमध्ये झाला. सासऱ्यांनी त्याच रात्री कोल्हापुरात पंचांग उघडले आणि कृत्तिकेचा चौथा चरण असल्याने अक्षर ए आले आहे, असे कळवले. ए या अक्षराचा आवाका जाणकारांना वेगळा सांगायला नको. एकनाथ आणि एकलव्य ही दोन नावे झाली की यादी संपते. आमच्या मनात फ्रेंच नाव ठेवण्याचे ठरलेले होते, कारण मुलाचे शिक्षण, मैत्री, भांडणे, सगळे याच देशात होणार होते, आणि आमच्या यादीत एमिल हे नाव पहिल्यापासून होते. सासरे म्हणाले, अक्षर जुळते आहे, मला आणखी काही नको. हा मनुष्य आयुष्यभर पत्रिका पाहणारा, देवपूजा न चुकवणारा, आणि त्यांना हरकत नव्हती. हरकत आली ती माझ्या नणंदेकडून. वन्सं एका शाळेत इतिहास शिकवतात. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, हे मी नाकारत नाही आणि तेव्हाही नाकारले नव्हते. मुदत तीन दिवसांची आहे (तेव्हा ती तेवढीच होती), तुमच्या मनात काय आहे ते सांगा, असे मी त्यांना दूरध्वनीवर विचारले होते. त्यांनी एकांश सुचवले. एकांश! मुलाला अंश म्हणायचे आणि तोही एकच.

एमिलची नोंद झाली. बाराव्या दिवशी पडद्यावरून बारसे झाले, तेव्हा वन्संनी कुर्र्र केले पण नाव घेतले नाही. बाळ म्हणून हाक मारली आणि सगळ्यांच्या देखत विचारले, आपली नावे संपली होती काय? त्यानंतर वर्षानुवर्षे त्यांच्या घरी माझ्या मुलाला ईमेल म्हणतात. विनोद म्हणून एकदा ठीक होते.

त्यांचे आक्षेप दोन होते. पहिला असा की हे ख्रिस्ती नाव आहे. एमिल हे नाव प्राचीन रोममधल्या एमिलिआ या घराण्यावरून आले आहे आणि ते घराणे येशूच्या जन्माआधी काही शतके नांदत होते. पुढे त्या नावाचे संत झाले, म्हणून टपालवाले वर्षअखेरीस दारोदार विकतात त्या कॅलेंडरात २२ मे ही तारीख एमिलची असते. कालनिर्णयात तिथी असते तशी इथे प्रत्येक दिवशी एका संताचे नाव छापलेले असते. इथली कित्येक लुई आणि पॉल मंडळी चर्चच्या पायरीवर लग्नाखेरीज चढलेली नसतात, आणि नावाला कॅलेंडरात दिवस असल्याने त्यांच्या नास्तिकपणाला बाधा येत नाही.

दुसरा आक्षेप असा की परक्यांची नावे घेणे हा न्यूनगंड आहे. इतिहासाच्या शिक्षिकेने हे म्हणावे याचे मला आजही आश्चर्य वाटते. १६६० साली चाकणचा संग्रामदुर्ग शाइस्ताखानाच्या फौजेविरुद्ध ज्याने लढवला, त्या किल्लेदाराचे नाव फिरंगोजी नरसाळा होते. फिरंगोजी! परंपरा असे सांगते की मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. साहेबराव, हैबतराव, गुलाबराव या नावांना मराठी म्हणताना आपल्या जिभेला जड जात नाही. ज्या काळात मराठी माणूस कोणापुढे झुकत नव्हता, त्याच काळात तो परकी नावे बेधडक घेत होता. न्यूनगंड असलाच तर तो नावाची शुद्धता तपासत बसणाऱ्यांना आहे. आणि वन्संच्या नातवाचे नाव कियान आहे, जे इराणच्या प्राचीन कयानी राजांशी नाते सांगते. ते मला आवडते. पण ते आपले आणि एमिल परके, हा निवाडा कोणत्या कसोटीवर झाला, हे मला कोणी समजावून द्यावे.

याच कारणाने, दोन्हीकडे चालेल असे नाव शोधा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला मान्य नाही. तो शोध नेहमी चार अक्षरांच्या, कुठल्याच घरात न वाढलेल्या नावांपाशी संपतो. फ्रेंच ठेवायचे तर निःसंकोच फ्रेंच ठेवावे, मराठी ठेवायचे तर मराठी ठेवावे आणि फ्रेंच लोकांना ते म्हणायला शिकवावे. त्यांना ह उच्चारता येत नाही, शब्दाच्या शेवटचा त गिळण्याची सवय असते, निशांतचे निशाँ होते, पण शिकवल्यावर शिकतात. एक सवलत मात्र आपल्यासाठी आहे. आपण नांतमध्ये आहात, आणि तिकडे मालो हे मुलाचे नाव चांगले रुळलेले आहे. सहाव्या शतकातल्या ज्या संतावरून सँ-मालो शहराचे नाव पडले, त्याचेच ते नाव. आजीने मालोजी म्हटले तर पोरगा ओ देईल. लुईच्या आधी याचा विचार करावा, असे मी म्हणेन.

भारतातल्या अडचणीबद्दल. अडचण उच्चाराची नसून लेखनाची आहे. गियोम हे नाव कानाला गोड लागते, पण त्याचे फ्रेंच स्पेलिंग मुंबईच्या विमानतळावर कोणीही गुइलाउमे असे वाचेल. बन्वा, तिबो, इव्ह यांचीही तीच गत. जाँ या नावाचे स्पेलिंग आपल्याकडे जीन असे वाचतात आणि बाई समजून तिकीट देतात. लुईचे फार तर लुईस होईल, पण लुई पाश्चर आणि लुई ब्रेल ही नावे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असल्याने ते सावरून घेता येते. अक्षरांवरची फ्रेंच चिन्हे भारतीय पारपत्रात येत नाहीत. त्याने काही बिघडत नाही. आपण दोघे भारतीय नागरिक असाल, तर दूतावासात जन्माची नोंद वर्षाच्या आत करावी आणि तिथे नाव फ्रेंच जन्मदाखल्यात आहे तसेच, अक्षरशः तसेच, लिहावे.

आपल्या सवयीप्रमाणे मधले नाव म्हणून वडिलांचे नाव घालू नये. इथे ते वडिलांचे राहत नाही, मुलाचेच दुसरे नाव ठरते. त्याऐवजी त्या जागी खरोखर हाक मारता येईल असे मराठी नाव घालावे. दाखल्यातल्या कोणत्याही नावाने व्यवहार करण्याचा हक्क कायदा देतो, त्यामुळे उद्या मुलाला वाटले तर तो तेच नाव पुढे करील. पत्रिकेचे अक्षरही तिथे सुखाने बसते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. दोनतीन वर्षांत परत जाणार असाल, तर वरचे सगळे विसरून मराठी नाव ठेवावे. फ्रेंच नावाने नोकरीचे दार आपोआप उघडेल, अशी आशा बाळगू नये. त्या नावापुढे आपले आडनाव आहे आणि मुलाखतीत चेहराही दिसतो. नागरिकत्वासाठीही फ्रेंच नाव लागत नाही. हवे असल्यास नागरिकत्व घेताना नाव फ्रेंच करून घेण्याची सोय १९७२ च्या कायद्यात आहे. आणि २०१६ पासून, सबळ कारण दाखवल्यास, नाव नगरपालिकेतच बदलता येते, मात्र तेरा वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती लागते. एमिलने ते वय ओलांडले आहे. मी त्याला विचारले होते. नाव बदलायचे नाही म्हणाला, आणि कोल्हापूरला जाऊन आत्याकडे राहायची इच्छाही नाही.

तेव्हा नाव प्रसूतीपूर्वी ठरवावे, नोंद झाल्यावर घरी कळवावे, आणि कोणी विचारलेच की आपली नावे संपली होती काय, तर आधी त्यांच्या इमारतीतल्या मुलांची नावे मोठ्याने म्हणून दाखवायला सांगावे.