नाशिकमधले पहिले एकल प्रदर्शन मांडताना
आपल्याच गावात पहिले एकल प्रदर्शन भरवताना हे ध्यानात ठेवावे की नाशिकचा प्रेक्षक निसर्गचित्रात आधी ओळखीची जागा शोधतो आणि मगच रंगांकडे वळतो. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढले यावरून पुराचा अंदाज बांधणाऱ्या या गावात ‘गंगेला एवढे पाणी कधीचे?’ (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) असे कोणीतरी विचारणारच. माझ्या पहिल्या प्रदर्शनात एका आजींनी नारोशंकराच्या देवळाची सावली सकाळची की संध्याकाळची, असे विचारून मला निरुत्तर केले होते. म्हणून चित्राखालच्या पट्टीवर शीर्षक, माध्यम आणि आकार यांबरोबरच महिना व वेळही लिहावी. वीस-पंचवीस चित्रे पुरेत. प्रत्येकाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा. जलरंगाच्या चित्राला मात्र माउंट, म्हणजे काच आणि कागद यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, द्यावाच, कारण काच कागदाला थेट टेकली तर पावसाळ्यात ओल आत अडकून बुरशी धरते आणि आकाशावर उमटलेले तपकिरी ठिपके सहसा निघत नाहीत. किमती आधीच यादीत छापाव्यात. नातेवाइकांसमोर त्या तोंडी सांगताना जीभ अडखळते आणि आकडा नकळत निम्मा होतो.