बाण सोडायचा की नाही: एका तरुण शिकाऱ्यास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. उजेड उतरत असताना हरणाचा तो मोठा नर झाडीतून बाहेर आला, सुमारे ३८ मीटरवर तुझ्या बाजूला तोंड करून तिरका उभा राहिला, तू दोरी पूर्ण ताणलीस, दहा-बारा सेकंद धरलीस आणि शेवटी बाण न सोडता ती सावकाश परत आणलीस, हे सगळे तू बारकाईने लिहिले आहेस. बरोबरच्या मंडळींनी ‘एवढा धोका तर पत्करायलाच हवा होता’ असे म्हटल्यापासून तुझे मन थाऱ्यावर नाही, हेही लिहिले आहेस. त्या संध्याकाळी तू जे केलेस ते बरोबर होते. ते का बरोबर होते हे एकदा नीट उमगले, तर पुढच्या वेळी सावज समोर असताना तुला स्वतःशी एवढे झगडावे लागणार नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे.

धोका पत्करणे हा शब्द मंडळींनी सहज वापरला, पण तो धोका कोणाच्या अंगावर पडतो याचा विचार कोणी केला नसावा. बाण चुकला तर तुझे नुकसान फार तर एका बाणाचे आणि एका संध्याकाळचे. अर्धवट लागला तर पुढचे सगळे त्या जनावराला भोगावे लागते. बंदुकीच्या गोळीसारखा बाण धक्क्याने मारत नाही. त्याचे पाते रक्तवाहिन्या कापत जाते, छातीत हवा शिरून फुप्फुसे मिटतात आणि रक्तस्रावाने जनावर पडते. दोन्ही फुप्फुसे भेदली गेली तर हे काही सेकंदांत होते. तोच बाण वीतभर मागे लागला तर त्याला अनेक तास लागतात, आणि ते तास हरीण कुठल्यातरी झुडपात एकटे काढते. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या पूर्ण वाढलेल्या हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग बाजूने पाहिला तर जेमतेम २० ते २५ सेंटीमीटरचा, म्हणजे एका वितीएवढाच असतो. तुझा सगळा निर्णय या एका वितीभोवती फिरतो.

आता अंतराकडे पाहा. सरावाच्या फळीवर ३८ मीटर तुला अवघड नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण फळीला कान नसतात. आजचे चांगले कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाके असलेले धनुष्य, बाणाला सेकंदाला साधारण ८५ मीटरचा वेग देते, तर आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दोरीचा आवाज बाणाच्या खूप आधी हरणापर्यंत पोचतो. तुझ्या त्या अंतरावर बाणाला जवळजवळ ०.४५ सेकंद लागले असते आणि आवाजाला ०.११ सेकंद; मधला सेकंदाचा तिसरा हिस्सा हरणाच्या हाती राहिला असता. सावध हरीण त्या वेळात काय करते हे मी अनेकदा पाहिले आहे. उडी मारण्यासाठी ते आधी पाय दुमडते, त्याची छाती वीतभर खाली जाते, आणि अगदी मध्यावर धरलेला नेम पाठीच्या कण्याजवळून किंवा त्याच्याही वरून निघून जातो. १८ मीटरवर त्याच्याकडे त्याच्या निम्माच वेळ असतो, आणि ते चरत असेल, कान सैल असतील, तर बहुतेक वेळा तेवढा वेळ त्याला पुरत नाही. म्हणून किती मीटर हा प्रश्न एकटा कधीच विचारू नये. मान वर करून, कान टवकारून तुझ्याच दिशेने पाहणारे हरीण २५ मीटरवर असले तरी मी त्याला लांबच समजतो. पुष्कळ जण चालते हरीण थांबवण्यासाठी तोंडाने हलका आवाज करतात. ते थांबते खरे, पण त्या क्षणापासून ते सावध झालेले असते, हे लक्षात ठेव.

कोनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते तुला शिकवून झाले आहे. हरीण पूर्ण आडवे उभे असावे, किंवा तुझ्यापासून थोडे पलीकडे वळलेले असावे; पलीकडे वळलेले असेल तर बाण पलीकडच्या पुढच्या पायापाशी बाहेर पडेल असा नेम धरावा. तुझ्याकडे वळलेल्या हरणाचे मात्र फऱ्याचे, म्हणजे पुढच्या खांद्याचे, हाड वाटेत येते, आणि ते चुकवून मागे नेम धरला तर बाण एक फुप्फुस कापून पोटात उतरतो. एका फुप्फुसावर हरीण किती लांब जाऊ शकते हे पाहून माणूस थक्क होतो. मचाण उंच असेल आणि हरीण अगदी पायथ्याशी आले असेल, तेव्हाही हीच गत होते: अंतर इतके कमी असते की मोह आवरत नाही, पण वरून खाली जाणारा बाण अनेकदा एकच फुप्फुस गाठतो. अशा वेळी त्याला दहा पावले पुढे जाऊ द्यावे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. मी तुझ्याहून थोडा मोठा असताना, अशाच एका संध्याकाळी, ३२ मीटरवर किंचित माझ्याकडे वळून उभ्या असलेल्या नरावर मी बाण सोडला. बाण लागल्याचा आवाज बोथट आला, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. नराने पाठ कमानीसारखी वर उचलली आणि तो पळण्याऐवजी दबकत चालत झाडीत गेला. बाण गवतात सापडला. आरपार गेला होता. विजेरीच्या उजेडात मी त्यावरून बोट फिरवले तेव्हा बोटाला रक्त कमी आणि हिरवट, तंतुमय ओल जास्त लागली, आणि तिला आंबलेल्या चाऱ्याचा वास येत होता. पोटात लागलेले जनावर आठ ते बारा तास मुळीच हलवायचे नसते, हे मला त्या वेळीही ठाऊक होते. पण मनातली टोचणी सहन न होऊन मी तासाभरातच मागावर निघालो. दीडशे पावलांवर ते बसलेले होते. माझी चाहूल लागताच उठले आणि ओढा ओलांडून गेले. दबलेल्या पाल्यावर तळहाताएवढा काळपट डाग राहिला होता, आणि त्यापुढे एकही थेंब नव्हता. तिसऱ्या दिवशी कावळ्यांच्या कलकलाटावरून मला ते सापडले. मांसाचा एक तुकडाही उपयोगाचा राहिला नव्हता. त्याच्या पायांनी उकरलेली माती मी आजही विसरलेलो नाही.

मला तुला त्या बाणापेक्षा त्याच्या आधीचा क्षण सांगायचा आहे. दोरी गालाशी आलेली असताना माझ्या मनात एक शब्द उमटला होता: ‘होईल’. फरा थोडा आड येतो आहे, पण होईल. उजेड कमी आहे, पण होईल. ज्या वेळी माझे बाण योग्य जागी लागले, त्यांपैकी एकाही वेळी हा शब्द मनात आल्याचे मला आठवत नाही. तेव्हा मनात फक्त एक जागा दिसत होती, केसांचा एखादा भोवरा किंवा सावलीची एक कड, आणि दुसरे काहीच नव्हते. तू लिहिले आहेस की त्या दहा-बारा सेकंदांत तू अंतर पुन्हा पुन्हा मोजत होतास, मधली डहाळी चुकेल का याचा अंदाज घेत होतास आणि शिंगांकडे तुझे लक्ष जात होते. ही सगळी त्याच ‘होईल’ची रूपे आहेत. मन वाटाघाटी करू लागले की बाण सोडू नये. डहाळीची शंका आली याचा अर्थ डहाळी वाटेत आहे असाच धरावा, कारण बोटाएवढी काडीसुद्धा बाणाचा मार्ग पार बदलून टाकते.

म्हणूनच मर्यादा ठरवायची ती घरी, हरीण समोर नसताना. त्यासाठी रोज एकच बाण मारून पाहा. हात गरम करून घेतलेला दहावा बाण जंगलात उपयोगी पडत नाही. तिथे पहिलाच बाण असतो, आखडलेल्या खांद्यांचा आणि जाड कपड्यांतला. तोच पोशाख घाल, शक्य असेल तर तेवढ्याच उंचीवरून मार, आणि तो एक बाण कुठे लागला ते वहीत लिहून ठेव. ज्या अंतरावर वेगवेगळ्या दहा दिवसांचे दहाही पहिले बाण एका वितीत बसतात, ते तुझे सरावाचे अंतर. जिवंत जनावरासाठी मी त्यातून एक तृतीयांश वजा करतो. हा हिशेब माझा स्वतःचा आहे, आणि काहींना तो फार सोवळा वाटतो. वाटू दे. मचाणावर पोचल्यावर त्या अंतरावरची झाडे, दगड आधीच मोजून मनात खूण करून ठेव, म्हणजे हरीण आल्यावर ते खुणेच्या आत आहे की बाहेर एवढेच पाहायचे उरते. उजेडाचेही तसेच. कायद्याने ठरवलेली वेळ संपायला अवकाश असला तरी पडलेला बाण आणि पहिले रक्त शोधता येणार नाही असे वाटले, की माझ्यापुरता दिवस संपतो.

आणि दोरी परत आणण्याचा सराव कर. बाण सोडण्याचा सराव सगळे करतात, हा कोणी करत नाही. साठ पौंडांच्या ओढीच्या धनुष्याची सूट, म्हणजे पूर्ण ताणल्यावर हातावरून उतरणारा भार, ८० टक्के असेल तर हातावर १२ पौंडच राहतात, म्हणून तुला एवढा वेळ धरता आले. पण परत आणताना तो भार एकदम वाढतो, हात थरथरतो आणि दमलेला माणूस केवळ ते टाळण्यासाठी बाण सोडून मोकळा होतो. असे झालेले मी पाहिले आहे. आठवड्यातून काही वेळा बाण लावून, सुरक्षित दिशेला, दोरी ताणून सावकाश परत आण, म्हणजे बाण न सोडणे हे तुझ्या अंगवळणी पडलेले काम होईल.

एका ठिकाणी मात्र हे सगळे उलटे होते. तुझा बाण आधीच लागला आहे आणि जायबंदी हरीण अजून तुझ्या टप्प्यात उभे आहे, अशा वेळी कोन, अंतर यांचा विचार करत बसू नकोस. सुरक्षित असेल तर लगेच दुसरा बाण लाव आणि मिळेल त्या कोनातून मार. तिथे थांबणे हीच क्रूरता ठरते. त्यानंतर बाण पाहा: फेसाळ, गुलाबी-लाल रक्त फुप्फुसाचे, तेव्हा अर्धा तास थांबून माग काढायला हरकत नाही, गडद, काळसर रक्त यकृताचे, तेव्हा चार ते सहा तास थांब, आणि हिरवट ओल व तो वास असेल, तर मी जे केले ते करू नकोस.

तो नर पुन्हा येईल की नाही हे मी सांगू शकत नाही. तू ज्या वाटेचे वर्णन केले आहेस तिच्या पश्चिमेला ओढ्याचे वळण आहे. तिथे मचाण बांधलेस तर वाट १५-१६ मीटरवर येईल आणि येणारे हरीण तुझ्यासमोरून आडवे जाईल. वारा तेवढा आधी तपासून घे. पुढच्या रविवारी धनुष्य घेऊन ये, येताना ती वहीही आण. नसेल तर नवी घेऊन ये, पहिला बाण आपण इथेच लिहू.

तुझा,
काका