पोलिसांना मारण्याचा अधिकार असतो का? मारून सोडून दिलं तर काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चुलतभावाला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून ठाण्यात बोलावलं, दिवसभर बसवून ठेवलं, तळपायांवर पट्ट्याने मारलं आणि रात्री सोडून दिलं. अटक दाखवली नाही, हातात एकही कागद दिला नाही. घरचे म्हणतायत, सुटला ना, मग गप्प बसा. पोलिसांना असा अधिकार असतो का, आणि तक्रार केली तर उलटं अंगावर येईल का?

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, त्यातही रिमांड आणि जामिनाची कामं जास्त. पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात: नाही. चौकशीसाठी कानाखाली एक लावायचाही अधिकार कोणत्याच कायद्याने शिपायापासून महासंचालकापर्यंत कुणालाही दिलेला नाही.

बळ वापरायची मुभा आहे, पण तिच्या जागा ठरलेल्या आहेत. अटक करताना माणूस झटापट करू लागला किंवा पळू लागला, तर त्याला धरण्यापुरतं बळ (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 43, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 46). धरल्यानंतर, तो पळून जाऊ नये म्हणून लागेल त्याहून जास्त जखडायचंही नाही (नव्या संहितेचं कलम 46). पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव पांगा म्हणून सांगूनही पांगला नाही, तर लाठी, अश्रुधूर आणि अगदी शेवटी गोळी (कलम 148). आणि कुणी जिवावर उठला तर स्वसंरक्षण, जे तुम्हाला-मला आहे तेच त्यांनाही. खुर्चीत बसलेल्या, हात बांधलेल्या माणसाला मारणं यातल्या कशातच बसत नाही. तो सरळ गुन्हा आहे: कबुली किंवा माहिती काढण्यासाठी दुखापत, भारतीय न्याय संहिता कलम 120, जुन्या दंड संहितेचं 330 आणि 331. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत. अटक न दाखवता दिवसभर बसवून ठेवणं हा आणखी वेगळा गुन्हा.

मग मारतात का? लोकांना वाटतं, कबुली घ्यायला. पण पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालतच नाही, हे हवालदारालाही पाठ असतं. खरी गोम एका अपवादात आहे. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो. पुरावा कायद्याचं जुनं कलम 27, जे आता साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये गेलंय. बार रूममध्ये आम्ही त्याला अजून 'सत्तावीसचा पंचनामा' असंच म्हणतो. मोटारसायकल कुठल्या विहिरीत ढकलली, कुठल्या भंगारवाल्याला विकली, हे तोंडातून काढलं की रिकव्हरी झाली आणि केस उभी राहिली. त्यामुळे कायदा एका हाताने कबुली नाकारतो आणि दुसऱ्या हाताने पट्ट्याला काम देतो. त्या पट्ट्याला ठाण्या-ठाण्यांत लाडाची नावं आहेत, कुठे 'बाजीराव', कुठे 'सत्यशोधक'. तुमच्या भावाने ते नाव ऐकलं असेल तर जबाबात जसंच्या तसं लिहा. ऐकलं नसेल तर मुद्दाम घालू नका.

तपासाची साधनं तुटपुंजी, एका अंमलदाराकडे ढीगभर गुन्हे, त्यात गणपती, निवडणुका, मोर्चे यांचे बंदोबस्त, वरून 'डिटेक्शन का नाही' म्हणून रोजचा तगादा. हे सगळं खरं आहे आणि मी ते जवळून पाहतो. तरी ते कारण आहे, माफी नाही.

आता तुमच्या भावाचं. कागद दिला नाही, हीच पोलिसांच्या बाजूची सगळी तटबंदी आहे. उद्या ते म्हणतील, हा इसम ठाण्यात आलाच नव्हता. म्हणून पोलिसांशी वाद घालण्याआधी दुसऱ्यांच्या ताब्यातला पुरावा उभा करा, आणि आजच्या आज.

पहिलं काम सरकारी दवाखाना. खासगी डॉक्टर मलम देईल, पण बहुधा पोलीस केस म्हटलं की हात वर करेल. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जा, केसपेपर काढा आणि 'एमएलसी करा', म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद करा, असं स्पष्ट म्हणा. डॉक्टर विचारतील, कशाने लागलं? इथे बहुतेक जण कचरतात आणि 'पडलो' म्हणतात, कारण एमएलसीची खबर पोलिसांनाच जाते. तिथे 'पोलिसांनी अमुक ठाण्यात पट्ट्याने मारलं' एवढंच सांगा आणि केसपेपरवर तसं लिहिलंय का ते वाचून पाहा. एकदा 'पडलो' लिहिलं गेलं की पुढे मी काय, कुणीही वकील ते खोडायला घाम गाळेल.

तपासताना डॉक्टरांना जखमेचा आकार आणि रंग नोंदवायला सांगा. पट्टा, काठी किंवा पाइप जोरात बसला की कातडीवर दोन समांतर लाल रेघा उठतात आणि मधली पट्टी फिकी राहते. घसरून पडलेल्या माणसाला असा व्रण येत नाही. बाथरूममध्ये घसरला, ही पोलिसांची ठरलेली गोष्ट त्या दोन रेघांपुढे टिकत नाही. रंगावरून दिवसांचा अंदाज येतो: आधी लाल, मग निळसर-काळा, मग हिरवट, शेवटी पिवळा होऊन जातो. तळपाय वरून फारसा बोलत नाही, कातडी जाड असते, म्हणूनच तिथे मारतात. तेव्हा सूज, दाबल्यावर दुखणं, टाच टेकवता न येणं, हे सगळं लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढा, चेहरा आणि जखम एकाच चौकटीत येईल असा एक तरी हवा.

दुसरं, सीसीटीव्ही. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे, लॉबी सगळीकडे कॅमेरे लावायला सांगितले, आवाजासकट, आणि चित्रण 18 महिने, निदान एक वर्ष तरी ठेवायला. प्रत्यक्षात नेमका त्याच दिवशी कॅमेरा बंद असतो, हे आता विनोद करण्याच्याही पलीकडे गेलंय. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली. तरीही अर्ज द्याच: तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, कोणत्या खोलीचं चित्रण, आणि 'हे जतन करावे'. एक प्रत ठाण्याला, एक पोलीस अधीक्षकांना, जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज. कॅमेरा बंद होता असं लेखी उत्तर आलं तर तेही कामाचं आहे, कारण बंद का होता याचा जाब त्यांना द्यावा लागतो. ठाण्याच्या समोरचा चहावाला, झेरॉक्सवाला यांचे कॅमेरे विसरू नका. त्यांचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. भावाचा मोबाइल दिवसभर कुठल्या टॉवरवर होता हे पुढे कोर्टामार्फत मागवता येतं.

ठाण्यात मोबाइलवर चित्रण केलं म्हणून सरकारी गुपितं कायद्याखाली गुन्हा दाखल करतात, अशी भीती घातली जाते. वर्ध्याच्या अशाच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, आणि त्या कलमाखालचा गुन्हा रद्द केला. म्हणून जाऊन मोबाइल नाचवा असं नाही. पण ती विशिष्ट धमकी पोकळ आहे.

आता समजा, उद्या त्याला परत 'जरा चौकशीला या' म्हणून फोन आला. नोटीस लेखी मागा. संशयित असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, साक्षीदार असेल तर 179 ची. बाई असेल, पंधराच्या आतलं पोर असेल किंवा साठीच्या पुढचा माणूस असेल, तर साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावताच येत नाही, घरी यावं लागतं. एकटं जाऊ नये. सोबत गेलेल्याने बाहेर बाकावर बसून आत गेल्याची वेळ कुणाला तरी मेसेज करून ठेवावी. पुढे हा मेसेज आश्चर्य वाटावं इतका उपयोगी पडतो.

आणि खरीच अटक झाली तर? अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताची सही, घरी खबर, वैद्यकीय तपासणी, वकिलाला भेटण्याचा हक्क. 1996 च्या डी. के. बसू निकालात हे सगळं आलं आणि बहुतेक आता कायद्यातच आहे. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं. मला जे सांगायचंय ते या हजर करण्याबद्दल.

रिमांडची वेळ कशी असते ते बघा. दुपार, बोर्डावर पन्नास कामं, आरोपी पिंजऱ्यात किंवा दारापाशी. शेजारी तोच शिपाई, ज्याने रात्री पट्टा धरला होता किंवा धरणाऱ्याला चहा आणून दिला होता. मॅजिस्ट्रेट साहेब फायलीतून मान वर करून विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' आरोपी शिपायाकडे बघतो. त्याला माहीत असतं की आत्ता तीन दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळणार आणि तो याच लोकांबरोबर त्याच खोलीत परतणार. तो 'नाही' म्हणतो. रोजनाम्यात लिहिलं जातं, आरोपीची तक्रार नाही. पुढे खटल्यात हीच ओळ सरकारी वकील मोठ्याने वाचून दाखवतात.

परभणीचं प्रकरण आठवा. डिसेंबर 2024 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदला हिंसक वळण लागलं, पोलिसांनी धरपकड केली. त्यात कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की मॅजिस्ट्रेटने त्याला मारहाणीबद्दल दोनदा विचारलं होतं आणि त्याने नाही म्हटलं होतं. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांमुळे आलेला धक्का, असं कारण होतं. त्याच्या आईने उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. औरंगाबाद खंडपीठाने जुलै 2025 मध्ये गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, आणि सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं तिथेही तो टिकला. कायदा शिकणारा माणूस भर कोर्टात 'नाही' म्हणाला असेल, तर तुमच्या-माझ्या घरच्या पोराकडून काय अपेक्षा ठेवणार?

म्हणून मी अशिलाच्या घरच्यांना सांगतो, रिमांडच्या वेळी वकील हवाच, आणि तक्रार तोंडी नको, लेखी अर्ज हवा: आरोपीला मारहाण झाली आहे, पुन्हा वैद्यकीय तपासणी व्हावी, पीसीआरऐवजी एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, द्यावा. पोराने शर्ट वर करून पाठ दाखवली तर शंभर शब्दांचं काम होतं. वकील परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरण असतं. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो.

तक्रार कुठे करायची, ते झटपट. आधी लेखी तक्रार ठाण्याला. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना (शहरात आयुक्तांना) स्पीड पोस्टने आणि ईमेलने. तरी हालचाल नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे. नव्या संहितेत सरकारी नोकराविरुद्ध आदेश देण्याआधी वरिष्ठांचा अहवाल मागवायची भानगड घातली आहे (कलम 175(4)), त्यामुळे इथे वेळ जातो. राज्य मानवी हक्क आयोगाला घटनेपासून एका वर्षाच्या आत कळवायचं, वकील लागत नाही. राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. 2006 च्या प्रकाश सिंग निकालाने सांगितलं आणि महाराष्ट्राने 2014 च्या दुरुस्तीने ते कायद्यात आणलं. नावाइतका त्याचा दरारा नाही, पण कागद नोंदवला जातो.

एक गोष्ट बोलून दाखवतो, राग मानू नका. आपल्याकडे मार खाणारा आपला असला की तो अत्याचार असतो, नाहीतर 'दोन फटके दिल्याशिवाय सुधारत नाहीत'. बदलापुरात ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराने संतापलेले लोक रेल्वे रुळांवर बसले तेव्हा त्यांच्यावर लाठी चालली, सगळे पोलिसांना शिव्या देत होते. महिन्याभरात त्याच प्रकरणातला आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला आणि पेढे वाटले गेले, 'बदला पुरा'चे फलक लागले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी 2025 मध्ये त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तेव्हा फारसं कुणी काही बोललं नाही. तुमच्या घरचे आज 'गप्प बसा' म्हणतायत ते याच वळणाने. त्यांच्या मनात कुठेतरी असतं की चोरी केली असेल, त्याशिवाय का मारलं.

राहिला शेवटचा प्रश्न, उलटं अंगावर येईल का. येऊ शकतं, खोटं सांगणार नाही. नेहमीचे डाव दोन. एक, सरकारी कामात अडथळा, जुनं 353, आता न्याय संहितेचं 132. दुसरा, चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून घ्यायला तहसीलदारापुढे किंवा (शहरात) एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्तापुढे खेटे. पहिल्यापासून बचाव म्हणजे ठाण्यात आवाज चढवायचा नाही, कुणाच्या वर्दीला हात लावायचा नाही, एकट्याने जायचं नाही. दुसऱ्यापासून बचाव तारखेत आहे. तुमचा एमएलसीचा कागद आणि अधीक्षकांना गेलेला ईमेल आधीच्या तारखेचा असेल, तर नंतर आलेली प्रत्येक नोटीस सूडाची दिसते, आणि कोर्टाला ते सांगायला फार बोलावं लागत नाही. उशीर झाला तर उलट होतं. आधी त्यांची नोटीस, मग तुमची तक्रार, आणि सगळे म्हणतात, नोटीस आली म्हणून हा आता रडतोय.

तेव्हा हे वाचून झालं की आधी भावाला रुग्णालयात न्या. अर्जाचा मसुदा रात्रीही लिहिता येईल.