आरापेशला हात घालण्याआधी

आरापेश बोली नोंदवायला जाणार असशील तर सर्वात आधी, 'आरापेश' ही एकच भाषा आहे असं धरून चालू नकोस. पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्याजवळ, तोरिचेल्ली डोंगरांत पसरलेलं हे भाषाकुटुंब आहे: बुकियिप, अबू, मुफियान... त्यात गाव बदललं की बोली बदलते. म्हणून वहीत प्रत्येक शब्दापुढे गावाचं नाव हवंच. मीही सुरुवातीला आळस केला आणि नंतर अर्धी वही फुकट गेली.

मानववंशशास्त्रज्ञ रिओ फॉर्च्यूनचं १९४२ चं व्याकरण वाच, पण ते अलितोआ गावच्या बोलीचं आहे हे विसरू नकोस. १९३१-३२ मध्ये तो आणि मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड तिथे राहिले, तेही हमाल पुढे जायला तयार नव्हते म्हणून! किनाऱ्यावरच्या बोलीसाठी व्हर्जिनिया विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ लिझ डोब्रिन यांनी उभारलेला डिजिटल संग्रह बघ.

खरी गंमत नामवर्गांत आहे. आपण 'घोडा-घोडी' वरून लिंग ओळखतो, तसा तिथे नामाचा शेवटचा ध्वनी बहुधा वर्ग सांगतो. फक्त वर्ग तीन नाहीत, डझनाहून जास्त आहेत. विशेषण आणि क्रियापद त्यानुसार बदलतं, अनेकवचनही. तेव्हा नाम कधी सुटं लिहू नकोस, एकवचन-अनेकवचनाची जोडी लिही.

मुलं टोक पिसिनमध्येच, म्हणजे देशभरच्या सामायिक भाषेत, बोलतात, दवाखान्याला 'हाउस सिक' म्हणतात. त्यामुळे बोली ऐकायची तर म्हाताऱ्यांजवळ बस. आणि तुझ्या रेकॉर्डिंगची प्रत गावात ठेवल्याशिवाय निघू नकोस.