इंजिनिअरने तपासलेल्या विमानाभोवती पायलट पुन्हा फेरी का मारतो?

कारण कागदावर सही झाली म्हणजे काम नीट झालंच असं नाही. नीट न लागलेलं पॅनल, वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवर राहिलेलं कव्हर, लँडिंग गिअरमध्ये, म्हणजे चाकांच्या यंत्रणेत, विसरलेली पिन, हे सगळं खाली उभं राहून दिसतं. इंजिनाच्या काउलच्या, म्हणजे बाहेरच्या झाकणाच्या, खिट्या मात्र बुडाशी असतात, त्यासाठी वाकायलाच हवं. मुंबईत जुलैच्या पावसात, रात्री टॉर्च घेऊन वाकणं जिवावर येतं, पण चूक सुटते ती अशाच वेळी. १९९६ मध्ये पेरूच्या एरोपेरू कंपनीचं बोइंग ७५७ विमान मध्यरात्रीनंतर लिमाहून निघालं. विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे उंची आणि वेग मोजण्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर, लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती आणि पायलटच्या फेरीतही ती दिसली नाही. उंची आणि वेगाचे आकडे भलतेच येऊ लागले. विमान समुद्रात कोसळलं, ७० जण गेले.