सुई तुटली? आधी तिचे तुकडे हातात घ्या

आमच्या बारा हेडच्या (हेड म्हणजे सुयांचा एक संच) एम्ब्रॉयडरी मशीनवर रोज आठ-दहा सुया तुटतात. मेकॅनिक म्हणतो, सगळ्या हेडचं टायमिंग, म्हणजे सुई आणि खालच्या हुकची जुळणी, नव्याने करायला हवं. करावं का?

इतक्यात नको. दोन दिवस मशीनजवळ एक वही ठेवा. सुई तुटली की हेड नंबर, सुई नंबर (त्या हेडवरची कितवी सुई) आणि स्क्रीनवरचा टाक्याचा आकडा लिहायचा, तुकडे चिकटपट्टीने शेजारीच चिकटवायचे.

वेगवेगळ्या हेडवर पण डिझाईनच्या त्याच जागी सुया तुटत असतील, तर दोष पंचिंगमध्ये, म्हणजे मशीनसाठी बनवलेल्या डिझाईन फाइलमध्ये आहे. तिथे फिलचे (जागा भरणाऱ्या टाक्यांचे) दोन-तीन थर एकमेकांवर चढले असतील किंवा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक टाके एकाच जागी साचले असतील. बारीक टाके काढून टाका, खालचा थर विरळ करा. 40 नंबरच्या धाग्याला ओळींतलं अंतर 0.4 मिमी पुरतं.

एकाच हेडवर सगळ्या नंबरच्या सुया तुटत असतील, तर हुक (सुईचा धागा पकडणारा खालचा फिरता भाग) आणि नीडल प्लेट (सुई जिच्या भोकातून खाली जाते ती पट्टी) पाहा. त्याच हेडवर एकच नंबर त्रास देत असेल, तर हुकला हात लावू नका. प्रत्येक नीडल बारला (सुई धरणाऱ्या दांड्याला) स्वतःचा प्रेसर फूट (कापड दाबणारा पाय) असतो. सुई त्याच्या भोकाच्या मधोमध उतरते का, नीडल बार वाकलाय का, सुईचा स्क्रू ढिला आहे का, एवढंच तपासा.

आता तुकडे. टोक चपटं झालं असेल तर सुई प्लेटवर किंवा फ्रेमवर आपटली आहे. नाक्यामागच्या खाचेत घासल्याची चमकदार रेघ दिसली, तर हुक सुईला लागतोय. टायमिंग करायचं ते अशा हेडचंच. नीडल प्लेट काढा, नवी सुई बसवा, मेन शाफ्ट हाताने फिरवून मॅन्युअलमधल्या अंशावर आणा (ताजिमा कंपनीच्या मशीनवर साधारण 201). हुकचे स्क्रू सैल करून त्याचं टोक सुईच्या बरोबर मागे आणा, दोघांत 0.1 ते 0.3 मिमी फट हवी. स्क्रू आवळल्यावर पुन्हा पाहा, कारण आवळताना हुक सरकतो. मग हाताने पूर्ण एक फेरा देऊनच मशीन चालू करा. बाराही हेड उगाच उघडली, तर नीट चालणारीही बिघडतात.

नवी सुई घातली की मिनिटभरात तुटते. सुया खराब आहेत का?

बहुतेक वेळा सुई अर्धवट बसलेली असते. अशा मशीनच्या डीबी गुणिले के5 (DB×K5) या सुईचं वरचं टोक गोल असतं, चपटी बाजू नसते. म्हणून ती कशीही आत जाते. लांब खोबणी पुढे, खाच मागे, आणि सुई थेट वर टेकेपर्यंत. टेकली की नाही, हे नीडल बारच्या छोट्या भोकातून दिसतं. मगच स्क्रू आवळा.

ब्लाउजपीसवर जरीच्या धाग्याने काम करताना सुई वाकून तुटते.

ताणलेला धागा सुईला बाजूला ओढतो आणि ती प्लेटच्या कडेवर आपटते. 11 नंबरच्या जाडीची सुई काढून 14 नंबरची घाला, वरचं टेन्शन सैल करा, वेग मिनिटाला 500-600 टाक्यांवर आणा. फ्रेममधलं कापड ढोलकीसारखं ताठ हवं. ते सुईबरोबर वर उचललं जात असेल तर बॅकिंगचा (कापडामागे लावायच्या आधाराचा) आणखी एक थर द्या.

टोप्यांवर मधल्या शिवणीवरच तुटते.

शिवणीच्या उंचवट्यावरून सुई घसरते. टोकदार 12 नंबर वापरा. अक्षरं मधून बाहेर आणि खालून वर शिवली जातील असं पंचिंग करून घ्या. अरुंद सॅटिनची (जवळजवळच्या आडव्या टाक्यांची) कड नेमकी शिवणीवर येऊ देऊ नका. टोपी कॅप फ्रेमवर सैल राहिली, तर बाकी सगळं करूनही सुया तुटतच राहतील. पट्टा घट्ट ओढा, आतली घामपट्टी बाहेर वळवून घ्या.

तुटलेला तुकडा सापडला नाही तर काम पुढे चालू ठेवलं तर चालेल?

नाही. वीज बंद करून बॉबीन केस काढा, हुकच्या खोबणीतून चुंबक फिरवा, कापडाच्या आणि बॅकिंगच्या मधे बोटाने नव्हे, चुंबकाने शोधा. तुकडे जोडून सुई पूर्ण झाली नाही, तर तो नग बाजूला काढा. लहान मुलांच्या कपड्यात तर एक मिलिमीटरचं टोकही राहता कामा नये. हुकमध्ये अडकलेला तुकडा टोकाला ओरखडा पाडतो आणि पुढे धागा तुटायला लागतो. बारीक ओरखडा पॉलिश पेपरने घासून निघतो, टोक मोडलं असेल तर हुक बदला.